कापसाला हमीभाव, मग विषाणूच्या औषधाला का नको?

एप्रिल २०२१ मध्ये विदर्भात सर्वांत दुर्मिळ माल कोणता होता, असे विचारले तर सोने नव्हे, रेमडेसिविरची बाटली असे उत्तर द्यावे लागेल. कोरोनाची दुसरी लाट जोरात होती. या इंजेक्शनच्या पुरवठ्यात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला लक्ष घालावे लागले. केंद्र सरकारने ११ एप्रिलला निर्यात बंद केली. १७ एप्रिलला कंपन्यांचे भाव उतरले. एकीची २८०० रुपयांची बाटली ८९९ वर आली, दुसरीची ५४०० ची ३४९० वर. पण छापील भाव आणि प्रत्यक्ष हातात पडणाऱ्या बाटलीचा भाव यांचा संबंधच उरला नव्हता. रुईचा नमुना बोटांत ओढून पाहिल्याशिवाय गाठीचा सौदा न करणारा, पोते उघडल्याशिवाय मिरचीचे पैसे न देणारा आपला व्यापारी त्या दिवसांत बंद बाटली, अनोळखी माणसाकडून, मागेल त्या किमतीला घेत होता. घरचे माणूस खाटेवर असताना घासाघीस कोण करणार?

आता त्या मालाचे पाहा. दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णांचे मृत्यू या औषधाने फारसे टळत नाहीत, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीतून ऑक्टोबर २०२० मध्येच पुढे आला होता. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये दुसऱ्या एका चाचणीने दाखवले की, लक्षणे दिसल्यापासून सात दिवसांच्या आत तीन दिवस हेच इंजेक्शन दिले तर जोखमीच्या रुग्णाची दवाखान्यात भरती होण्याची वेळ बहुधा टळते. म्हणजे माल खोटा नव्हता, त्याचा हंगाम उलटल्यावर तो घेतला जात होता. आपल्या शेजारच्या वर्ध्यात जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्याने मे २०२१ मध्ये रेमडेसिविर काढायला सुरुवात केली. विदर्भात असे काम उभे राहिले याचे कौतुकच करायला हवे. पण तोवर राज्यातली लाट ओसरू लागली होती.

विषाणूवरची औषधे इतकी थोडी का, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. तापाला गोळी आहे, जखमेच्या पुवाला अँटिबायोटिक आहे, मग सर्दी-खोकल्याच्या विषाणूला का नाही? कारण असे आहे. जंतूचे स्वतःचे छोटे दुकान असते. त्याची भिंत फोडली की तो मरतो आणि आपल्या शरीराचे फारसे बिघडत नाही. विषाणूजवळ दुकान नाही, अवजार नाही, मजूर नाही. तो आपल्या पेशीच्या कारखान्यात घुसतो आणि आपल्याच मशीनवर स्वतःचा माल काढतो. मशीन तोडावी तर नुकसान आपलेच. म्हणून त्याच्या कामातली अशी एखादी पायरी शोधावी लागते जी फक्त त्याची आहे, आपली नाही. रेमडेसिविर हा एक प्रकारचा खोटा दोरा आहे. विषाणू आपली नक्कल विणू लागला की तो दोरा विणीत जातो आणि पुढची वीण अडते. निर्माट्रेल्विर नावाचे दुसरे औषध कात्रीवर काम करते. कोरोनाचा विषाणू आपली बरीचशी प्रथिने एका लांब तागासारखी अखंड काढतो आणि मग कापून वेगळी करतो. ती कात्रीच हे औषध जाम करते. आपल्या शिंपीबांधवांना हे वेगळे समजावून सांगायला नको. (आणि विषाणूच्या सर्दीवर काउंटरवरून अँटिबायोटिकची पट्टी फाडून देणाऱ्या मेडिकलवाल्यांनीही हे एकदा मनावर घ्यावे.)

अशी पायरी शोधणे, तिच्यावर रसायन बसवणे, ते विषारी नाही हे तपासणे, मग हजारो माणसांवर चाचणी घेणे, यात वर्षे जातात. मग कोरोनाच्या वेळी औषधे इतक्या लवकर कुठून आली? जुन्या कपाटातून. रेमडेसिविरची मुळे गिलियड कंपनीच्या २००९ च्या सुमाराच्या, काविळीच्या आणि श्वसनाच्या विषाणूंवरील कामात आहेत. ते इबोलावर आजमावले गेले, तिथे २०१९ मध्ये मागे पडले आणि बाजूला राहिले. फॅव्हिपिराविर हे जपानचे फ्लूसाठीचे औषध, तिथे २०१४ मध्ये मंजूर झालेले. मोल्नुपिराविर अमेरिकेतल्या एका विद्यापीठात घोड्यांपासून येणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूसाठी शोधले जात होते. निर्माट्रेल्विरची गोष्ट तर व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा फायझरने त्याच कात्रीवर चालणारे एक रसायन बनवले. साथ विझली, गिऱ्हाईक गेले, काम कपाटात गेले. २०२० मध्ये ते कपाट पुन्हा उघडले आणि त्याच्या आधारावर नवी गोळी तयार झाली, जिला अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये तातडीची मंजुरी मिळाली. मधल्या सतरा वर्षांत ते काम चालू राहिले असते तर? या प्रश्नाचे उत्तर कोणाच्याच खतावणीत सापडणार नाही, पण प्रश्न विचारण्याजोगा आहे.

कंपनीला दोष देणे सोपे आहे. पण मागणी नसलेला माल वर्षानुवर्षे कोण भरून ठेवतो? आपण तरी ठेवतो का? इथे एक उदाहरण द्यावेसे वाटते. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला कंपनी काढली. त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद केंब्रिजहून रसायनशास्त्र शिकून आले आणि कंपनीत पडले. एड्सवरचे पहिले औषध झिडोवुडिन. तेही कपाटातलेच बरे का. १९६४ मध्ये कर्करोगासाठी बनवून बाजूला पडलेले. हैदराबादच्या सरकारी रासायनिक संस्थेत डॉ. ए. व्ही. रामा राव यांच्या हाताखाली ते औषध येथे बनवण्याची पद्धत बसवली गेली आणि १९९३ मध्ये सिप्लाने ते परदेशी किमतीच्या मानाने पुष्कळ स्वस्तात बाजारात आणले. तरीही रोजचा सुमारे दोन डॉलरचा खर्च आपल्या मजुराच्या आवाक्याबाहेर होता. सरकारने घेऊन वाटावे, असे हमीद यांनी सुचवले. सरकारकडे पैसा होता तो फक्त तपासणी आणि प्रतिबंधासाठी, उपचारासाठी नव्हता. दोन लाख कॅप्सूल शेवटी फेकून द्याव्या लागल्या, असे हमीद यांनी पुढे सांगितले आहे.

माल चांगला, भाव कमी, गरज मोठी आणि तरी माल उकिरड्यावर! हमीद यांनी धंदा सोडला नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी तीन औषधांचा वर्षभराचा कोर्स ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा परदेशी कंपन्यांचा हिशेब दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेत त्यानंतर काय झाले ते जगजाहीर आहे. आपल्या सरकारने एड्सची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली ती एप्रिल २००४ पासून. म्हणजे १९९३ मध्ये जो खरेदीदार नव्हता, तो उभा राहायला अकरा वर्षे लागली.

आता आपल्या दारातले पाहू. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या संस्थेने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, एक नवा विषाणू शोधला. जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत त्याचे नाव चांदीपुरा असेच आहे. तो मुख्यतः वाळूमाशीमार्फत पसरतो, ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते आणि बळी बहुतेक पंधरा वर्षांखालची मुले. तीव्र ताप, झटके, बेशुद्धी, आणि पुष्कळदा दोन दिवसांत सारे संपते. २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. त्या राज्याची हद्द आपल्या पाटणबोरीच्या पुढे सुरू होत होती. विदर्भातही पुढे साथी आल्या. २०२४ च्या पावसाळ्यात प्रामुख्याने गुजरातेत मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची नोंद झाली, ८२ मृत्यू झाले. त्यांतल्या ६४ जणांत हाच विषाणू निश्चित सापडला. विषाणू सापडून सहा दशके उलटली. त्यावर मंजूर औषध नाही, लस नाही. फॅव्हिपिराविर प्रयोगशाळेत त्याच्यावर चालताना दिसले आहे, माणसांवर सिद्ध झालेले नाही.

असे का? शास्त्रज्ञ नाहीत म्हणून नव्हे. पुण्यात विषाणू संस्था आहे, हैदराबादला रसायनशाळा आणि कारखाने आहेत. निर्माट्रेल्विरची स्वस्त आवृत्ती हैदराबादच्याच हेटेरोने काढली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. नागपूर-हैदराबाद रस्ता तर पांढरकवड्यावरूनच जातो. नसतो तो खरेदीदार. चांदीपुऱ्याचे गिऱ्हाईक म्हणजे मातीच्या घरातले, मजुराचे पोर, तेही एखाद्या वर्षी शंभर, एखाद्या वर्षी एकही नाही. या हिशेबावर कोणताही कारखानदार भांडवल लावणार नाही आणि लावत नाही म्हणून त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. बाजार पडला तर हमीभावाने घ्यायला कोणीतरी आहे, या भरवशावर शेतकरी पेरतो. औषधालाही तसाच भरवसा देता येतो. अमुक विषाणूवर अमुक कसोटीला उतरणारे औषध बनवा, साथ येवो न येवो, इतका साठा या भावाने सरकार घेईल, असा लेखी करार. ही हवेतली कल्पना नाही. न्यूमोनियाच्या लसीसाठी २००९ मध्ये काही देशांनी आणि संस्थांनी मिळून दीड अब्ज डॉलरची अशीच आगाऊ हमी दिली आणि गरीब देशांना ती लस मिळू लागली. १९७२ ची एकाधिकार कापूस खरेदी योजना आपल्या जिनिंगवाल्यांना आठवत असेल. तसा मक्ता नको. खासगी माणसाला बाहेर ठेवून औषध होणार नाही. झिडोवुडिन सरकारी संस्था आणि खासगी कारखाना एकत्र आले म्हणूनच झाले होते. हवी आहे फक्त हमी. सरकारी तिजोरीतून पैसा जाईल हे खरे, आणि काही साठा मुदत संपून वायाही जाईल. विम्याचा हप्ताही वाया जातोच की!

हमीबरोबर दुसरी गोष्ट लागेल, तिच्याकडे आपल्याकडे कोणी पाहत नाही. फ्लूची ऑसेल्टामिविर पहिल्या दोन दिवसांत, कोरोनाच्या गोळ्या पहिल्या पाच दिवसांत सुरू झाल्या तरच पुरता उपयोग. आपला माणूस दवाखान्यात केव्हा जातो? वेल्डिंगवाला, गादी भरणारा, बांगड्यांची गाडी लावणारा ताप अंगावर काढतो, कारण एक दिवस दुकान बंद म्हणजे एक दिवसाची चूल बंद. चौथ्या-पाचव्या दिवशी दम लागला की जिल्ह्याच्या ठिकाणी धाव. तेव्हा लाखमोलाचे औषधही शिळे. म्हणून तपासणी घाटंजी, उमरखेड, झरी-जामणीच्या ग्रामीण रुग्णालयांत झाली पाहिजे आणि उत्तर त्याच दिवशी मिळाले पाहिजे.

आपल्या व्यापारी संघटना जीएसटी, भारनियमन आणि बाजार समितीच्या सेसवर निवेदने देतात, तशी आरोग्यावर देत नाहीत. केमिस्टांची संघटना तर जवळपास प्रत्येक तालुक्यात आहे. खासदार दौऱ्यावर आले की दोन प्रश्न लेखी द्यावेत: चांदीपुऱ्याच्या औषधासाठी केंद्राने किती खरेदीची हमी दिली आहे, आणि आपल्या तालुक्यात फ्लूच्या तपासणीचे उत्तर किती तासांत मिळते. वाळूमाशी पावसाळ्यात वाढते, तेव्हा निवेदन मे महिन्याच्या आत गेलेले बरे.