मूल्यमापन कोणाचे : मुलाचे की शाळेचे?

वर्गातील एखादे मूल सतत मागे पडू लागले की त्याला ‘विशेष शिक्षणा’ची आवश्यकता आहे काय, हे ठरविण्यासाठी त्याची तपासणी करावी लागते. ही तपासणी शास्त्रीय असल्यामुळे तिच्यात सामाजिक पक्षपाताला वाव नसतो, असा पुष्कळ सुशिक्षितांचा समज आहे. इतिहास मात्र निराळेच सांगतो.

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये आपली बुद्धिमापन श्रेणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना साहाय्य मिळावे म्हणून. बुद्धी ही कधीही न बदलणारी राशी आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. पुढे अमेरिकेत याच मापनाचा शिक्का झाला. कॅलिफोर्नियातील शाळकरी मुलांत १९६८-६९ साली कृष्णवर्णीयांचे प्रमाण ९ टक्के होते. ‘शिक्षणक्षम मतिमंद’ ठरवून वेगळ्या काढलेल्या वर्गांत मात्र ते २७ टक्के होते. याविरुद्ध १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतून दावा दाखल झाला आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅम यांनी कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत घालण्यासाठी बुद्ध्यंक चाचण्या वापरण्यास मनाई केली. दरम्यान १९७५ च्या अमेरिकन कायद्याने दोन तत्त्वे घालून दिली होती : निर्णय एकाच कसोटीवरून करू नये आणि तपासणी शक्यतो मुलाच्या भाषेत व्हावी.

आपल्याकडे अन्याय उलट दिशेने होतो. सुखवस्तू घरातील मुलाला अक्षरे उमगेनात, तर पालक तज्ज्ञाकडे जातात, प्रमाणपत्र मिळवितात आणि परीक्षेत जादा वेळ पदरात पाडून घेतात. तीच अडचण असलेले ऊसतोड कामगाराचे मूल ‘ढ’ ठरते आणि शाळेबाहेर पडते. त्यातही त्याचे निम्मे वर्ष फडावर गेलेले असते. त्याला शिकता येत नाही की त्याला शिकविलेच गेले नाही, हा प्रश्न प्रथम विचारल्यावाचून केलेली कोणतीही तपासणी म्हणजे शाळेचा दोष मुलाच्या माथी मारणे होय.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात अध्ययन अक्षमतेला स्थानच नव्हते. ते २०१६ च्या कायद्याने दिले. त्याच्या १७ व्या कलमाने दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करण्याचे दायित्वही शासनावर टाकले. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये सिद्ध केलेले वाचन-अक्षमतेच्या तपासणीचे साधन मराठीतही आहे. कायदा आहे, साधन आहे. उणीव आहे ती विशेष शिक्षकांची आणि त्यांच्यासाठी पैसा मोजण्याच्या तयारीची. निदानावर खर्च करावयाचा आणि उपायावर करावयाचा नाही, यात अर्थशास्त्रही नाही आणि न्यायही नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात विचारावे : पाहणी झाली काय? ती कोणत्या भाषेत झाली? आणि तिच्यानंतर मुलाला शिक्षक मिळाला काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिली दोन उत्तरे केवळ कागदावरची आहेत.