दार आहे, पण दारि कुठे?

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. सौ.चे माहेर धारवाडकडचे, त्यामुळे स्वयंपाकघरात कन्नड आणि ओसरीवर मराठी अशी वाटणी आहे. या दोन भाषांत काही शब्द मोठे फसवे. मराठीत 'दारी' म्हणजे दारात, तर कन्नडमध्ये 'दारि' म्हणजे वाट! लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी या शब्दाने आमची बरीच गंमत केली. गेल्या महिन्यात मात्र त्यानेच भाचीचा घोळ सोडवला. त्याची ही हकिगत.

भाची एका छोट्या कंपनीत संगणकाचे काम करते, तेही घरूनच. एका पतसंस्थेची खाती, ठेवी, कर्जे यांची माहिती 'क्लाउड'वर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकांवर, ठेवायची होती. रात्रीचे अकरा वाजले तरी पोरगी जेवायला उठेना. विचारले तर म्हणाली, "मामा, नॅट लावलंय, तरी आतला सर्व्हर बाहेर जात नाही. सुरक्षेची दुरुस्ती उतरवून घ्यायची राहिलीय."

हे नॅट म्हणजे 'नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन'. मला ते आमच्या कॉलेजच्या आवक-जावक टेबलावरून समजले. मराठी विभागाचे पत्र बाहेर जाते ते कॉलेजच्या पत्त्याने. कारकून त्यावर जावक क्रमांक घालतो आणि वहीत नोंद करतो. उत्तर आले की क्रमांक पाहून ते बरोबर आमच्या विभागात पोचवतो. जावक क्रमांकाचा हवाला नसलेले अनोळखी पत्र आत येतच नाही, असे समजा. नॅट हेच करते. आतल्या यंत्राचा पत्ता काढून स्वतःचा घालते, 'पोर्ट' नावाचा क्रमांक लावते आणि नोंद ठेवते.

ही युक्ती १९९४ साली पुढे आली, कारण इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच. त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. आतल्या वापरासाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. आपल्या घरातल्या मोबाइलचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो, तो त्यांतलाच. शेजाऱ्याच्या घरीही तोच पत्ता असू शकतो आणि दोघांचे काही बिघडत नाही.

भाचीच्या नेटवर्कचे दोन भाग होते. एक सार्वजनिक, त्याला बाहेरची वाट असते. दुसरा खासगी, त्यात पतसंस्थेची माहिती. नॅट तिने बरोबर सार्वजनिक भागात बसवले होते. (घाईत ते खासगी भागात बसवणारेही असतात. मग नॅटच कोंडून पडते.) तरीही काम होईना. वरिष्ठांना फोन केला तर ते म्हणाले, "सर्व्हरलाच बाहेरचा पत्ता देऊन टाक, सकाळी काढून घे."

पोरगी घुटमळली. बाहेरचे पत्ते चाचपून पाहणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. शेकडो सभासदांच्या ठेवींची माहिती फक्त एका फायरवॉलच्या भरवशावर रस्त्यावर मांडायची? आणि 'सकाळी काढू' म्हटलेल्या गोष्टी किती वेळा खरोखर काढल्या जातात, हे आपण सारेच जाणतो.

ताट वाढता वाढता सौ.ने विचारले, "एवढं काय अडलंय?" भाची म्हणाली, "मामी, दार केलंय, पण आतला माणूस दारापर्यंत पोचत नाही." सौ. सहज बोलून गेली, "मग दारि एल्लि?" वाट कुठे आहे?

भाची ताटावरून उठली. प्रत्येक भागाला एक 'रूट टेबल' असते, कुठल्या पत्त्याची पत्रे कुणाकडे द्यायची याचा तक्ता. खासगी भागाच्या तक्त्यात एकच ओळ होती: १०.०.०.०/१६, म्हणजे आपल्याच नेटवर्कमधले, ते आतल्या आत. दुसरी ओळ राहूनच गेली होती: ०.०.०.०/०, म्हणजे बाकीचे सारे जग, ते नॅटकडे. ती ओळ घातली आणि दुरुस्ती उतरू लागली. सार्वजनिक भागाच्या तक्त्यात हीच ओळ 'इंटरनेट गेटवे'कडे जाते, नॅटकडे नाही. एवढाच दोन्हींतला फरक.

नॅट म्हणजे पहारेकरी नव्हे, हेही तिने सांगितले. आतल्याच यंत्रात कीड शिरली तर तीही त्याच वाटेने बाहेर बोलू शकते. म्हणून फायरवॉलचे नियम वेगळे लावावेच लागतात. शिवाय अशा तयार नॅटचे भाडे तासावर आणि वाहून नेलेल्या माहितीवर आकारतात. काम संपल्यावर ते बंद करायला विसरले की महिनाअखेरीस बिल बोलते.

वाचकहो, आपल्या घरातलेही कुणी रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसत असेल, तर "काय करतोस" एवढे विचारून थांबू नका. "काय अडलंय" असे विचारा. त्याला ते आपल्या साध्या भाषेत सांगावे लागेल, आणि सांगता सांगता त्यालाच वाट सापडेल. मग ती मराठीत सापडो की कन्नडमध्ये.