पाऊस मोजणारा वर्ग

पावसाळ्यात वर्तमानपत्रात रोज आकडे येतात : अमुक ठिकाणी ७० मिलिमीटर, तमुक ठिकाणी ११०. पाणी लिटरने मोजतात हे पक्कं ठाऊक असलेल्या सातवीतल्या मुलाला इथेच अडखळायला होतं. पट्टीने मोजायचं ते पावसाचं नेमकं काय? व्याख्या फळ्यावर लिहून दिली की तास संपतो, शंका मात्र तशीच राहते.

ती फेडायला शाळेच्या मैदानात तीन भांडी पुरतात : उभ्या भिंतींचा एक मोठा डबा, तसाच एक लहान डबा आणि एक घागर. सर येऊन गेली की मुलांनी आत पट्टी बुडवायची. मोठ्या डब्यात पाणी जास्त, म्हणून आकडाही जास्त असणार, यावर बहुतेकांचं एकमत असतं. पट्टी दोन्ही डब्यांत सारखंच दाखवते. मोठ्या तोंडातून पाणी जास्त आलं खरं, पण ते तेवढ्याच मोठ्या तळावर पसरलं. घागरीत मात्र पाण्याची उंची कितीतरी कमी भरते. तोंड लहान, पोट मोठं. हे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला घरगुती पर्जन्यमापकासाठी सरळ भिंतींची बाटली का घ्यायची, हे वेगळं सांगावं लागत नाही. बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं तयार होतं आणि बाष्पीभवनही कमी होतं. तळ खडबडीत असतो, म्हणून थोडे खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करायची.

मग हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर १०० चौरस मीटर असेल, तर दहा मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर हजार लिटर पाणी पडतं. गच्चीवरची एक काळी टाकी भरेल एवढं! भूगोलाच्या तासाला गणित असं आपसूक आलं की ते मुलांच्या डोक्यात राहतं.

हवामान खात्याची पावसाची नोंद रोज सकाळी साडेआठला होते. चोवीस तासांत २.५ मिलिमीटर पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’, २०४.५ मिलिमीटरला पोहोचला की ‘अत्यंत मुसळधार’. या मापांनी २६ जुलै २००५ची मुंबई मुलांपुढे ठेवावी. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३! आपल्या शाळेचा पाऊस तालुक्याच्या आकड्यावरून का कळणार नाही, याचं यापेक्षा चांगलं उत्तर नाही. जागाही नीट निवडायला हवी : भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर भांडं ठेवायचं.

दमटपणा शिकवायला दोन तापमापक लागतात. एकाच्या फुग्याला ओलं मलमलीचं फडकं गुंडाळायचं. नागपुरात मेच्या दुपारी दोघांत पंधरा-वीस अंशांचा फरक पडू शकतो. मुंबईत तो पाच-सहाच्या आसपास रेंगाळतो. नागपूरकरांना कूलर तारतो आणि मुंबईत तो कुचकामी ठरतो, त्याचं कारण या फरकात आहे.

मात्र हे सगळं झालं हवेचं शिक्षण. हवामान कळायला सुमारे तीस वर्षांच्या नोंदी लागतात. जगभर सरासरी त्याच काळाची धरतात. तीस वर्षं कुठलाही वर्ग शाळेत राहत नाही. म्हणून प्रकल्पाची वही गुण मिळाल्यावर रद्दीत जाते, याचं वाईट वाटतं. हीच वही शाळेची असावी. यंदाच्या सातवीने ती पुढच्या सातवीच्या हाती द्यावी. तीत नक्षत्राचाही एक रकाना असावा. मृग कोरडा गेला, हस्ताने झोडपलं, ही भाषा घरी बोलली जाते. आजोबा त्या रकान्यावरून बोलायला लागतात आणि गोष्ट १९७२च्या दुष्काळापर्यंत जाते. त्या वर्षाचे आकडे शोधून आजोबांच्या आठवणीशेजारी लिहिणं, हा आठवीला शोभेल असा अभ्यास आहे.

केरळात हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं आहे. भूगोल विषय असलेल्या उच्च माध्यमिक शाळांत हवामान केंद्रं उभी राहिली आहेत, तर मीनच्चिल नदीच्या खोऱ्यात गावकऱ्यांबरोबर विद्यार्थीही पाऊस आणि नदीची पातळी मोजतात. वरच्या गावात पडलेल्या पावसाचा आकडा खालच्या गावाला पुराची आगाऊ सूचना देतो.

आपल्याकडे खरी अडचण वेळापत्रकाची. वळीव कोसळतो तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते. मोसमी पाऊस पुण्या-मुंबईत साधारण १० ते ११ जूनला पोहोचतो आणि शाळेची घंटा जूनच्या मध्यावर वाजते. विदर्भात त्याहून उशिरा. परतीचा पाऊस लांबला तर दिवाळीच्या सुट्टीत सापडतो. तेव्हा शाळेशेजारी राहणाऱ्या दोघातिघांवर सुट्टीतली नोंद सोपवावी. तरीही एखादा दिवस सुटलाच, तर त्या रकान्यात शून्य लिहायचं नाही, ‘नोंद नाही’ लिहायचं. शून्याचा अर्थ त्या दिवशी पाऊस पडला नाही असा होतो.