घसा लाल आहे, एवढ्यावर थांबू नका

पावसाळा लागला की आपल्या केसपेपरवर एक ओळ रोज उमटू लागते : ताप, उलट्या, घसा लाल. खाली अँटिबायोटिक, उलटीचे औषध, पॅरासिटामॉल. बहुतेक मुले चार दिवसांत खेळायला लागतात, कारण त्यांना मुळात विषाणूचाच संसर्ग झालेला असतो. आमची काळजी आहे ती उरलेल्या मुलांची.

रडून-ओकून आलेल्या मुलाचा घसा लाल दिसणारच. नुसत्या लालीला निदान म्हणता येत नाही. टॉन्सिलवर पांढरा थर, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, ताप आणि खोकल्याचा अभाव, हे सारे एकत्र दिसले तर स्ट्रेप्टोकोकसचा विचार करावा, तोही मुख्यतः पाच ते पंधरा या वयात. नाक वाहते आहे, आवाज बसला आहे, डोळे आले आहेत, तर तो बहुधा विषाणू. स्ट्रेपमुळे शाळकरी मुलांना उलट्या आणि पोटदुखी होते, हे खरेच आहे. मग पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस द्या. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून पालक औषध बंद करतात. हृदयाच्या झडपांचा धोका त्यांना आपणच समजावून सांगायचा असतो. आणि टॉन्सिलला घट्ट चिकटलेला राखाडी पडदा, सोबत सुजलेली मान दिसली तर घटसर्प समजून, स्वॅबच्या अहवालाची वाट न पाहता, अँटिटॉक्सिन मिळेल अशा रुग्णालयात तातडीने पाठवा.

या दिवसांत सर्वांत जास्त फसवतो तो डेंग्यू. त्यातही घसा लाल असतो, चेहरा तांबूस दिसतो. सतत उलट्या आणि पोटदुखी या त्यातल्या धोक्याच्या खुणा आहेत. त्या ‘घशामुळे’ म्हणून सोडून देऊ नयेत. एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असेही नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि नेमके तेव्हाच रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपू लागतो. आई सांगते, “डॉक्टर, ताप गेला, पण हा नुसता पडून आहे.” अशा वेळी मुलाचे तळहात हातात घेऊन पाहा. ते गार असतील, नखावर दाब देऊन सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागत असतील, तर रक्तदाब ठीक असला तरी मुलाला घरी धाडू नका. मुलांचा रक्तदाब शेवटी कोसळतो. हिमॅटोक्रिट चढत असेल तर नुसत्या प्लेटलेट्सकडे पाहत बसण्यात अर्थ नाही. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन, आयबुप्रोफेन या काळात नकोच.

बाकीची कारणे घशात सापडणार नाहीत. दोन वर्षांखालच्या बाळाला ताप-उलट्या असतील तर लघवी तपासल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करू नका. श्वास खोल आणि जलद चालला असेल तर ग्लुकोमीटर काढा : मधुमेहातला किटोॲसिडोसिस पुष्कळदा एखाद्या संसर्गाच्या आडूनच येतो. मान वाकवून पाहा. पोटाची उजवी खालची बाजू चाचपा. छातीच्या तळाशी स्टेथोस्कोप ठेवा, कारण तिथला न्यूमोनिया पोटदुखी आणि उलट्यांच्या रूपात येतो. मलेरियाची स्लाइडही विसरू नका.

या महिन्यापासून केसपेपरवर तापाच्या आकड्याशेजारी ‘शेवटची लघवी किती वाजता’ हे लिहायला लागा, आणि ताप उतरला तरी दुसऱ्या दिवशी मुलाला दाखवायला आणा, असे आईला स्पष्ट शब्दांत सांगा.