अनिकेतची वाट आणि निपाणीचा मुलगा

कर्नाटकातल्या निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, तर बेंगळूरू साडेपाचशे किलोमीटरच्याही पुढे. त्यामुळे इथल्या फुटबॉलवेड्या पोराच्या डोळ्यांसमोर असतात ते शाहू स्टेडियमवरचे सामने आणि पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमींची नावे. बेळगावात सेंट पॉल्स हायस्कूलच्या मैदानावरील फादर एडी स्मृती स्पर्धेने शालेय फुटबॉल जागता ठेवला आहे. पोरे खेळतात, यात शंका नाही. अडते ते दहावीच्या आसपास. तेव्हा घरात एकच प्रश्न विचारला जातो, ‘पुढं काय?’

त्याचे एक उत्तर कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने देऊन ठेवले आहे. 2000 साली जन्मलेला हा रिक्षाचालकाचा मुलगा शाळकरी वयातच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथून तो पुणे एफसीच्या अकादमीत आणि पुढे भारताच्या कुमार संघात पोहोचला. ऑक्टोबर 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा तो दिल्लीत आघाडीवर खेळत होता. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून भारत हरला. पण त्या पोरांना वाऱ्यावर न सोडता भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांचाच ‘इंडियन अ‍ॅरोज’ संघ आय-लीगमध्ये उतरवला. गोव्यात बांबोळीच्या मैदानावर चेन्नई सिटीविरुद्ध पहिला सामना 3-0 असा जिंकला. त्यातले दोन गोल अनिकेतचे होते.

आमच्या मते त्याच्या कारकिर्दीतला कळीचा टप्पा हाच. एरवी अठरा-एकोणीस वर्षांच्या भारतीय खेळाडूला मोठ्या क्लबात करार मिळतो, फोटो छापून येतो आणि मग हंगामभर तो राखीव बाकावर बसतो. अ‍ॅरोज त्या मोसमात तळाला राहिला. पण त्याला पदावनतीतून सूट होती, म्हणून प्रशिक्षक या पोरांना बिनधास्त खेळवू शकले. चुका करायला मैदान मिळाले, आणि चुका झाल्याही. ऑगस्ट 2018 मध्ये स्पेनमधील कोटिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला 2-1 असे हरवले. त्या ऐतिहासिक सामन्यात अनिकेतला उत्तरार्धात लाल कार्ड मिळाले आणि उरलेला किल्ला दहा जणांनी लढवला. तरीही त्याची वाट बंद झाली नाही. 2019 मध्ये तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाला गेला. त्याच वर्षी जमशेदपूरने त्याला करारबद्ध केले, 2021 मध्ये तो हैदराबादकडे गेला. मार्च 2022 मध्ये हैदराबादने फातोर्ड्यात केरळा ब्लास्टर्सला हरवून इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली, आणि त्याच महिन्यात बहारीन दौऱ्यासाठी अनिकेतची वरिष्ठ भारतीय संघात निवड झाली.

गुणवत्ता तर होतीच. पण त्याला हेरणारी, सांभाळणारी आणि सामने देणारी माणसे व संस्था वेळच्या वेळी भेटत गेल्या. त्यातली पहिली पायरी, म्हणजे क्रीडा प्रबोधिनी, महाराष्ट्र शासनाची होती. निपाणीच्या मुलाची गाडी तिथेच अडते. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीला महाराष्ट्राचा अधिवास लागतो, आणि त्याच्या रेशनकार्डावर कर्नाटक लिहिलेले आहे. कर्नाटकाच्या फुटबॉल संघटनेचा कारभार चालतो बेंगळूरूतून. चौदा वर्षांच्या पोराला एका निवड चाचणीसाठी तिथे न्यायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास, बापाचा दोन दिवसांचा रोजगार बुडणार आणि निवडीची हमी नाहीच.

क्लबच्या अकादमींना मात्र राज्याची हद्द आड येत नाही. बेंगळूरू एफसीची निवासी अकादमी बळ्ळारी जिल्ह्यात उभी राहिली. गोव्याचे क्लब तर बेळगावहून चोर्ला घाट उतरला की आलेच. पालकांनी ही दारे जरूर ठोठावावीत, मात्र डोळे उघडे ठेवून. 2025 च्या जुलैमध्ये हक्कांच्या कराराचा घोळ होऊन आयएसएल लांबणीवर पडली आणि ऑगस्टमध्ये बेंगळूरू एफसीसारख्या क्लबानेही पगार थांबवले. लीगचेच भवितव्य असे टांगणीला लागत असेल, तर मुलाची दहावी-बारावी सोडून चालणार नाही.

आणि अधिवासाची अडचण सुटण्यासारखी आहे. महाराष्ट्राने निपाणीसह सीमाभागातील 865 गावांवरचा आपला हक्क सोडलेला नाही. 2004 पासून तो दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रवर्गही आहे. जे वर्गात चालते ते मैदानावर का चालू नये? क्रीडा प्रबोधिनीच्या पुढच्या निवड चाचणीआधी शासनाने तोच प्रवर्ग तिथे लागू करावा, आणि एक चाचणी कोल्हापुरात घ्यावी. निपाणीहून तिथे एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते.