उरलं तर दान

गेल्या आठवड्यात भाच्याने एक तक्ता पाठवला. त्याची कंपनी हिवाळ्यात 'चॅरिटी गोल्फ टूर्नामेंट' भरवणार आहे आणि तो संयोजन समितीत आहे. जमलेल्या पैशांतून एका खेड्यातल्या मराठी शाळेला मदत करायची आहे. "आत्या, तू जन्मभर शाळेत शिकवलंस. निमंत्रणासाठी काळजाला हात घालणाऱ्या चार ओळी लिहून दे," एवढंच त्याचं मागणं.

मी आधी तक्ता वाचला. जुनी खोड, दुसरं काय!

मैदानाचं भाडं. सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण. प्रत्येकाला टोपी, टी-शर्ट आणि चेंडू. चार-चार जणांच्या ३६ तुकड्या म्हणजे १४४ खेळाडू, आणि सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलपासून सुरुवात करणार. १८ होलपाशी १८ प्रायोजकांचे फलक. एका फटक्यात चेंडू होलमध्ये घालणाऱ्याला मोटारगाडी. ती सहसा कुणाला मिळत नाही, पण चुकून मिळालीच तर कंपनी बुडू नये म्हणून विमा, आणि त्या विम्याचा हप्ता. जमेच्या बाजूला 'मलिगन', म्हणजे पैसे भरून चुकलेला फटका पुन्हा मारायची सोय. (आमच्या शाळेत हे सुरू केलं असतं तर इमारत केव्हाच दुमजली झाली असती!)

पुढे ओळ १९ : शाळेची दहा मुलं, गणवेशात, मोठ्या चेकसोबत फोटो.

आणि सगळ्यांत शेवटची ओळ : शाळेला देणगी, उरलेली रक्कम.

इथे माझं डोकं फिरलं. बक्षिसाच्या गाडीला विम्याचं संरक्षण, आणि शाळेच्या वाट्याला वजाबाकीतली बाकी!

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, खेळ नसेल तर ही माणसं रुपयाही देणार नाहीत." असेल तसं. माझं खेळाशी भांडण नाही. कोलकात्याचा गोल्फ क्लब तर १८२९ सालचा आहे. चार माणसं सकाळभर बरोबर चालली की ओळखी वाढतात, कामं मिळतात, हेही कळतं मला. पण मग त्याला धंदा म्हणा ना! त्यावर शाळेचं नाव कशाला?

"अगं, पण हे सीएसआर आहे." बाबा रे, कंपनी कायदा २०१३ चा आहे, आणि २०२१ च्या सुधारित नियमांत स्वच्छ लिहिलं आहे की स्वतःच्या मालाची प्रसिद्धी व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही. ते १८ फलक जाहिरातीच्या खात्यात टाका.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. मुलांच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड गोळा व्हायचा. घरातली बाई रोज मूठभर धान्य वेगळं काढून ठेवायची. त्या घरांत तरी कुठे ऊतू जात होतं? पण मूठ आधी निघायची, चूल नंतर पेटायची. सगळ्यांची जेवणं झाल्यावर डब्याच्या तळाशी काय उरलंय, ते बघून कुणी मूठ काढत नव्हतं.

म्हणून भाच्याला तीन गोष्टी सांगितल्या. एक, देणगीचा आकडा आधी ठरवा आणि पहिला चेंडू मारण्याआधी तो शाळेच्या खात्यात जमा करा. दोन, जेवणखाण, टोप्या, विमा हा सगळा खर्च कंपनीने स्वतःच्या खिशातून करावा. खेळाडूंकडून घेतलेला पैसा पूर्ण शाळेला जावा आणि त्याचा हिशेब सगळ्यांना कळवावा. तीन, ओळ १९ खोडा. मुलांना पहाटे उठवून, बसमध्ये कोंबून, हिरवळीवर शोभेला उभं करू नका. छप्पर गळतं हा काही त्या मुलांचा गुन्हा नाही. चेक टपालानेही पोचतो.

तो म्हणाला, "समितीला विचारतो." विचार बाबा.

काळजाला हात घालणाऱ्या चार ओळी काही मला जमल्या नाहीत. दोनच लिहून पाठवल्या आहेत :

"आम्ही शाळेला ........ रुपये दिले आहेत. आता आपण खेळायला जमूया."

आकड्याची जागा मोकळी ठेवली आहे. भाचा हा ब्लॉग वाचतो, त्याची बायकोही वाचते. आकडा भरला गेला की इथेच कळवीन.