अळिंबी उगवते, पुढे काय?

सोयाबीनची मळणी झाली की उरलेले काड पुष्कळ ठिकाणी बांधावरच पेटवले जाते. याच काडावर, भाताच्या पेंढ्यावर, धिंगरी अळिंबी घेता येते. सोलनला अळिंबी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही हे काम वर्षानुवर्षे चालू आहे. काड रात्रभर भिजवायचे, ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, निथळून पिशवीत बियाण्यासह थर द्यायचे. तीन-साडेतीन आठवड्यांत पहिली तोडणी! किलोभर सुक्या काडावर अर्धा किलो तरी अळिंबी मिळते. शेत नको; सावलीची, ओलसर, खेळत्या हवेची खोली पुरते.

मग घोडे अडते कुठे? बाजारात. तोडलेली धिंगरी साध्या हवेत दिवसभरातच मलूल होते. शहरी ग्राहक बटण मशरूमच ओळखतो, तर तालुक्याच्या बाजारात ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून नाके मुरडतात. (पावसाळ्यात रानातली अळिंबी चवीने खाणारा कोकण याला अपवाद.) वाळवून टिकवावी, तर दहा किलोंची जेमतेम एक किलो उरते. ‘माल आम्हीच परत घेऊ’ असे सांगून महागडे बियाणे गळ्यात मारणारेही भेटतात. पीक हाती आले की ते दिसेनासे होतात. बचत गटातल्या बायकांकडे प्रशिक्षणाचे दाखले आहेत. सकाळची तोडणी दुपारपर्यंत शहरात पोहोचवणारी गाडी मात्र कोणत्याच योजनेने त्यांच्या दारात उभी केलेली नाही.